नाव ऑड्रीबाई, हाती कथलाचा वाळा

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात काचेच्या कपाटात कपबश्यांचा एक सेट असतो. त्याच्या कडेला सोनेरी रेघ असते, बशीवर गुलाबाचं फूल असतं आणि रोजच्या चहाला तो कधीही काढायचा नसतो. व्याही आले किंवा मुलीला बघायला मंडळी आली, म्हणजे तो बाहेर येतो, आणि पाहुणे जिना उतरून रस्त्याला लागायच्या आत धुऊनपुसून पुन्हा कपाटात जातो. इंग्रजी भाषेतल्या काही विशेषणांचं असंच आहे. 'गुड', 'बॅड', 'नाइस' हे आपले रोजचे स्टेनलेस स्टीलचे पेले. पडले तरी फुटत नाहीत, पोचे आले तरी चहा पिता येतो. पण वरच्या फळीवर सोनेरी रेघांची विशेषणं मांडून ठेवलेली असतात. ती काढायची म्हणजे हात स्वच्छ हवेत, आणि बघायला कोणीतरी हवं.

शाळेतले आमचे इंग्रजीचे मास्तर अशा विशेषणांचे शौकीन होते. पगार बेताचा, कोटाला कोपरावर ठिगळ, पण शब्दांच्या बाबतीत माणूस संस्थानिक. एका वर्षी गॅदरिंगसाठी आम्ही पोरांनी स्टेज सजवलं. लाल-हिरवा जिलेटिनचा कागद, चांदी म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, आणि राजाच्या सिंहासनावर कुणाच्या तरी आईची जुनी, टिकल्यांची साडी. मास्तर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं वैभव न्याहाळलं आणि एकच शब्द उच्चारून ते निघून गेले. "टॉड्री!"

आमच्यात चर्चा सुरू झाली. वर्गातल्या हुशार मुलांच्या मते ही स्तुती होती, कारण शब्द कोणालाच कळला नव्हता. मागच्या बाकावर एक जण होता. तो त्या इयत्तेत दुसऱ्यांदा बसला असल्यामुळे त्याच्या बोलण्याला अनुभवाचं वजन होतं. तो ठामपणे म्हणाला, "हे कुठल्यातरी मडमेचं नाव आहे." सगळे फिदीफिदी हसले.

त्याच्यावर इतकी वर्षं झालेला अन्याय आधी दूर करतो. अख्ख्या वर्गात एकटा तोच बरोबर होता. टॉड्री हे खरोखरच एका बाईचं नाव आहे. साध्यासुध्या बाईचं नव्हे, राणीचं. आणि ती राणीही साधीसुधी नव्हे, चर्चनं संतपद दिलेली साध्वी. आता एका साध्वीच्या नावावरून सिगारेटच्या चंदेरी कागदाला नावं ठेवायची पाळी कशी आली, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पण आधी अर्थ बघू. भडक आणि हिणकस, असा शब्दकोशातला अर्थ. आपल्याकडे 'भडक' आहे, 'भपकेबाज' आहे, 'दिखाऊ' आहे. पण टॉड्रीच्या अगदी शेजारी राहणारा शब्द म्हणजे 'बेगडी'. बेगड म्हणजे तो रंगीत, चकचकीत, पातळ वर्ख. ताबुताला लावतात, मखराला लावतात, नाटकातल्या राजाच्या मुकुटाला लावतात. लांबून बघितलं तर डोळे दिपतात. जवळ गेलं की डिंक दिसतो.

टॉड्री व्हायला नुसतं स्वस्त असून भागत नाही. खादीचा धुवट सदरा स्वस्त असतो, पण त्याला कोणी टॉड्री म्हणणार नाही, कारण आपण रेशमी आहोत असा आव तो आणत नाही. नुसतं भडक असूनही भागत नाही. पोपटी पैठणीच्या पदरावर मोर नाचत असतात आणि ती मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, पण तिच्यातली जर खरी असली की सगळ्या बायका आदरानं पदराला हात लावून बघतात. भडकपणा आणि हिणकसपणा यांचं लग्न लागावं लागतं, तेव्हा कुठे टॉड्रीचं बारसं होतं.

पुढे हे विशेषण कपड्यालत्त्यावरून माणसाच्या वागण्यावरही बसलं. इंग्रजी वर्तमानपत्रांत एखाद्या पुढाऱ्याचं लफडं बाहेर आलं की त्याला 'टॉड्री अफेअर' म्हणतात. मोठी पापं टॉड्री नसतात. मॅकबेथ राज्यासाठी राजाचा खून करतो, ती शोकांतिका होते. पण खोट्या नावानं हॉटेलात खोली घेणं, कचकड्याची कर्णफुलं भेट देणं आणि त्यांची पावती कोटाच्या खिशात विसरणं, हे झालं टॉड्री. पापालासुद्धा दर्जा लागतो, असं हा शब्द सुचवतो.

आता बाईंची गोष्ट. काळ सातव्या शतकाचा. इंग्लंड हे एक राज्य व्हायला अजून अवकाश होता. ठिकठिकाणी आपापले राजे होते. पूर्वेला ईस्ट अँग्लिया नावाचं राज्य होतं आणि तिथल्या राजाचं नाव होतं ॲना. पुरुषाचं नाव ॲना हे ऐकून चमत्कारिक वाटतं, पण मनातल्या मनात 'अण्णा' असं वाचलं की सगळं सुरळीत होतं. तर या अण्णांना एक मुलगी होती. तिचं नाव एथेलथ्रिथ. एथेल म्हणजे कुलीन, थ्रिथ म्हणजे बळ. नाव चांगलं, पण उच्चारायलाच बळ लागतं. लॅटिनवाल्यांनी त्याचं एथेल्ड्रेडा केलं, आणि सामान्य लोकांनी शेकडो वर्षं जिभेवर घोळवून घोळवून त्याची ऑड्री केली. आपण पांडुरंगाचा पांड्या करतो, त्यातलाच प्रकार.

तिची हकीकत आपल्याला कळते ती बीड नावाच्या मठवासी इतिहासकारामुळे. (मराठवाड्यातल्या बीडकरांनी उगाच छाती फुगवू नये, हा निव्वळ योगायोग आहे.) त्यानं ७३१ साली इंग्लंडच्या धर्माचा इतिहास लिहून पुरा केला, आणि त्यात तिला आख्खं प्रकरण दिलं. तिचं पहिलं लग्न टॉन्डबर्ट नावाच्या सरदाराशी झालं. तो लवकरच वारला. दुसरं लग्न झालं एजफ्रिथशी, जो पुढे नॉर्थम्ब्रियाचा राजा झाला. नवरा वयानं बराच लहान. बाईंचं लक्ष मात्र पहिल्यापासून देवाकडे. बीड सांगतो की बारा वर्षं संसार करूनही तिनं ब्रह्मचर्य मोडलं नाही. बारा वर्षं म्हणजे मराठी हिशोबानं बरोबर एक तप, आणि इथे तो शब्द अक्षरशः लागू पडतो.

या गोष्टीवर त्या काळीही काहीजणांचा विश्वास बसत नव्हता. म्हणून बीडनं ज्याला आतली खबर होती त्या विल्फ्रिड नावाच्या बिशपलाच गाठून विचारलं. विल्फ्रिड म्हणाला, अहो, राणीचं मन वळवा म्हणून राजानं मला जमिनी आणि पैसा देऊ केला होता, कारण ती माझ्याइतकं कोणाचंच ऐकत नसे. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये हे शहाणपण सातव्या शतकातही बिशपांना असावं. जमिनीचं आमिष दाखवूनही राणीचं मन काही वळलं नाही. शेवटी राजानं हात टेकले, परवानगी दिली, आणि राणी जोगीण झाली. वर्षभर ती राजाच्या आत्याच्या मठात राहिली, आणि मग ६७३ च्या सुमारास ईली नावाच्या जागी तिनं स्वतःचा मठ उभा केला. ईली म्हणजे केंब्रिजच्या वरच्या अंगाला दलदलीनं वेढलेलं बेटच होतं तेव्हा. तिथे ईल मासे, म्हणजे आपल्या वाम माशांचे भाऊबंद, रगड मिळत, म्हणून त्या जागेचं नाव ईली, असं खुद्द बीडच सांगतो.

तिथे ही राजकन्या, माजी राणी, कशी राहिली? तागाचं मऊ कापड तिनं सोडलं आणि नुसती लोकर अंगावर घेतली. जेवण बहुधा एक वेळ. गरम पाण्याची अंघोळ फक्त मोठ्या सणांच्या आधी, आणि तीसुद्धा बाकी सगळ्याजणींना आपल्या हातानं न्हाऊ घालून झाल्यावर, सर्वांत शेवटी. हे वाचल्यावर दिवाळीत पहिली अंघोळ कोणाची यावरून आमच्या घरात होणारे तंटे आठवून मला उगाचच कानकोंडं व्हायला होतं.

सहासात वर्षांत तिला मानेवर, जबड्याखाली, मोठी गाठ आली. वैद्यानं ती कापली, दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. साल ६७९. पण त्या दुखण्यात ती जे बोलली त्यावर ही सगळी कहाणी उभी आहे. ती म्हणाली, मला ही शिक्षा योग्यच मिळाली आहे. तरुणपणी या गळ्यावर मी दागिन्यांचा व्यर्थ भार वागवला. आता सोन्यामोत्यांच्या जागी ही लाल, जळजळीत गाठ आली आहे. त्या उथळपणाचं माप माझ्या पदरात पडलं.

आजच्या डॉक्टरांना हे निदान पटणार नाही. पण सोन्याच्या भावाबद्दल रोज पेपर बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते एकदा सावकाश वाचायला हरकत नाही.

सोळा वर्षांनी तिचं थडगं उघडलं तेव्हा देह जसाच्या तसा होता आणि मानेवरची जखम भरून आली होती, असं बीडनं लिहिलंय. मग काय विचारता! ईली हे तीर्थक्षेत्र झालं. मठाच्या जागी पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस प्रचंड कॅथेड्रल उभं राहू लागलं. १७ ऑक्टोबर हा तिच्या अवशेषांच्या स्थलांतराचा सण, आणि त्या सुमारास तिच्या नावानं जत्रा भरू लागली. जत्रा म्हटली की दुकानं आली. तुळजापूरला गेलं की कवड्यांची माळ घ्यायची, पंढरपूरला गेलं की तुळशीची, जेजुरीहून भंडारा आणायचा, तसं ईलीला गेलं की रेशमी फीत घ्यायची आणि गळ्यात बांधायची. या फितीला म्हणायचे 'सेंट ऑड्रीज लेस'. लेस म्हणजे हल्लीची जाळीदार लेस नव्हे. गळ्याभोवती बांधायची पट्टी, बंद. सोळाव्या शतकातला हार्प्सफील्ड नावाचा एक धर्मपंडित लिहितो की इंग्लंडातल्या बायका गळ्यात बारीक रेशमाची साखळी घालतात ती बहुधा ऑड्रीच्याच आठवणीनं. जिथे तिची जखम होती, तिथे यांची फीत.

आता घाईघाईनं बोलताना 'सेंट ऑड्री' हे किती वेळ नीट उच्चारणार? 'सेंट'मधला 'ट' सुटला आणि पुढच्या ऑड्रीला जाऊन चिकटला. झाली टॉड्री. ही खोड त्या भाषेला आहेच. लंडनमधली टूली स्ट्रीट म्हणजे मूळची सेंट ओलाव्हची. तिथेही संताचा 'ट' पुढे गेला आणि संत मागे राहिला.

आणि तिथून पुढे संत कायमच मागे राहिली. आठव्या हेन्रीनं मठ बुडवले त्यात १५३९ साली ईलीचाही मठ बुडाला, आणि दोनच वर्षांत तिची समाधी उद्ध्वस्त झाली. साध्वीचं स्थान गेलं, पण दुकानदाराचा माल शिल्लक होता. जगात असं नेहमीच होतं. देव हलवता येतो, देवासमोरचं दुकान हलवता येत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून छापील इंग्रजीत 'टॉड्री लेस' सापडते, आणि नुसतं टॉड्री म्हटलं तर ते कोणाचं नाव आहे याची आठवण कमी कमी होत जाते. तरीही शब्दाला अजून नाक मुरडणं चिकटलेलं नव्हतं. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' या १६१०-११ च्या सुमाराच्या नाटकात मोप्सा नावाची धनगराची पोर आपल्या प्रियकराला ठणकावते, की तू मला टॉड्री लेस आणि सुगंधी हातमोजे देणार होतास, त्याचं काय झालं? तिच्या लेखी ती हौसेची वस्तू आहे. तिथे कोणी तिला हसत नाही.

हसू आलं ते नंतर. फेरीवाले आले, माल उतरला, रंग भडक झाले, रेशीम नावापुरतं राहिलं. मोठ्या घरच्या बायकांनी फीत टाकून दिली आणि ती खेड्यातल्या पोरीबाळींच्या गळ्यात राहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉड्री म्हणजे सरळ 'हलक्या दर्जाचं, चमकणारं' असं विशेषण होऊन बसलं. ज्या बाईनं खरं सोनं पाप म्हणून नाकारलं, तिचं नाव खोट्या चकचकाटाला मिळालं! आपल्याकडे निदान नाव सोनूबाई असतं आणि हातात कथलाचा वाळा असतो. इथे कथलालाच सोनूबाईचं नाव दिलं.

इंग्रजांची ही खोड आहे, असं म्हणून आपण मिशीला पीळ देऊ शकलो असतो. त्यांनी मेरी मॅग्डलीनच्या पश्चात्तापाच्या अश्रूंवरून 'मॉडलिन' हा शब्द काढला आणि तो दारू पिऊन गळा काढणाऱ्यांना लावला. पण आपलंही कपाट उघडून बघायला हवं. सम्राट अशोकानं शिलालेखांतून स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवून घेतलं. देवांचा लाडका! इतकी सुंदर पदवी. तर संस्कृत व्याकरणकारांनी पुढे तिचा अर्थ दिला, 'मूर्ख'. भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त तो नोंदलेला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तो घोकून पाठ केला. गिरनारचा खडक एक सांगत होता आणि पाठशाळा दुसरंच सांगत होती. तेवढ्यानं भागलं नाही. त्याच लेखांत अशोकानं सगळ्या पंथांचा आदर करावा असं बजावलंय, आणि पंथ याअर्थी त्यानं जो शब्द वापरलाय तो म्हणजे आपला 'पाखंड'. आज कोणाला पाखंडी म्हणून बघा, आदर किती मिळतो ते कळेल.

म्हणजे शब्द आपोआप पडत नाहीत. त्यांना कोणीतरी ढकललेलं असतं. आणि कोणी ढकललं हे बघायचं असेल, तर तो शब्द कोण कोणाला उद्देशून वापरतं ते बघावं. टॉड्री हा शब्द जत्रेत फीत विकत घेणाऱ्या पोरीनं कधी वापरला असेल असं मला वाटत नाही. तो तिच्याकडे बघून दुसऱ्याच कोणीतरी वापरला.

हे मला शब्दकोशावरून कळलं नाही. माझ्या एका आत्यावरून कळलं. आत्याच्या पाटल्या आणि एकदाणी धाकट्या भावंडांच्या शिक्षणापायी सावकाराकडे गेली ती परत आली नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि शिकलेली भावंडंही सोयीस्करपणे बोलली नाहीत. शेवया आणि कुरडया विकून गाठीला चार पैसे झाले तेव्हा एका जत्रेत तिनं सोन्याचा मुलामा दिलेली मोहनमाळ घेतली. ती कापसात गुंडाळून डब्यात ठेवायची आणि कार्य असलं की गळ्यात घालायची. मानेच्या मागच्या बाजूला मुलामा उडून तांबं दिसायला लागलं होतं, म्हणून तिथे अंबाडा जरा खाली आणायची. एका लग्नात घरातल्याच एका सोन्यानं मढलेल्या वहिनींनी ती माळ दोन बोटांत धरून चार बायकांदेखत विचारलं, "बेगडीच ना हो वन्सं?" आत्या शांतपणे म्हणाली, "हो वहिनी. सव्वा रुपयाची आहे. पण कुठे गहाण नाही."

मांडवात एकदम सामसूम झाली. त्या दिवशी त्या मांडवात किती खऱ्या सोन्याला तो टोला बसला असेल, हे ज्या त्या गळ्यालाच ठाऊक.

पुढे एथेलथ्रिथची हकीकत वाचली तेव्हा मला वाटलं, या दोघींचं चांगलं जमलं असतं. भाषेची अडचण आली असती, पण एकीनं दुसरीला न्हाऊ घातलं असतं आणि दुसरीनं पहिलीला गरम शेवया खाऊ घातल्या असत्या. मग ती एकवेळचं जेवण विसरली असती.

तेव्हा टॉड्री हे विशेषण जरूर वापरा. चांगलं, नेमकं विशेषण आहे. सोनेरी रेघेच्या कपबश्यांसारखं चारचौघांत काढलं तर रुबाब पडतो. फक्त ते काढताना मूळ मालकिणीचा हिशोब ध्यानात असू द्या. बीडनं तिचे शब्द लिहून ठेवले आहेत आणि त्यांत संदिग्ध असं काही नाही. तिनं व्यर्थ म्हटलं ते खऱ्या सोन्याला आणि खऱ्या मोत्यांना. जत्रेतल्या फितीबद्दल तिनं अवाक्षरही काढलेलं नाही.